नवे बुकशेल्फ स्पीकर घ्यायचे की आहेत तेच ठेवायचे?

गेल्या दिवाळीनंतर भाचा आला तो मोबाइलमध्ये एका नव्या स्पीकर-जोडीचा फोटो घेऊनच. "मामा, माझ्या जोडीला चार वर्षं झाली. आता ही घेऊन टाकू का?" किंमत जवळजवळ त्याच्या महिन्याभराच्या पगाराएवढी. मी विचारलं, आत्ताच्या जोडीत काय कमी पडतंय? तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मजा नाही येत."

हे उत्तर मला पुष्कळांकडून मिळालं आहे आणि ते खरंच असतं. पण मजा न येण्याची कारणं आठ-दहा असू शकतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशांवर नवे स्पीकर हा उपाय नसतो. मग पुढचे दोन रविवार आम्ही त्याच्या इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या खोलीत घालवले. जे केलं ते त्याच क्रमाने लिहितो. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यालाही हे घरच्या घरी करता येईल. लागतं काय, तर एक मेजरटेप, एक पेन्सिल सेल, जुनं वर्तमानपत्र आणि मदतीला एक माणूस.

पहिली पायरी: तक्रारीला नाव द्या

तोंडपाठ असलेली तीन-चार ध्वनिमुद्रणं निवडा. इंदूरकरांना याची वाण नाही. उस्ताद अमीर खाँ इथलेच. त्यांचा अतिविलंबित झूमरा तालातला ख्याल मंद्र सप्तकात उतरतो तेव्हा स्पीकरचा तळ कळतो. लताबाईंचा जन्म इंदूरचा, १९२९चा. त्यांचा आवाज वर चढताना 'स' आणि 'श' कानाला टोचतात का ते ऐका. कुमार गंधर्व १९४८पासून शेजारच्या देवासला राहिले आणि तंबोरे लावण्याबद्दल ते किती काटेकोर होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मागचे तंबोरे गाण्याखाली विरघळून जातात की जवारी, म्हणजे तारांची ती झंकारणारी गुंज, सुटी ऐकू येते? चौथं एखादं तबल्याचं सोलो घ्या.

ऐकताना कागद जवळ ठेवा आणि जे खटकेल ते आपल्या शब्दांत लिहा. पातळ वाटतं, घुमतं, टोचतं, गायक मधोमध बसत नाही, पडद्याआडून आल्यासारखं वाटतं, जोरात लावलं की गुदमरतं. प्रत्येक शब्दामागे कारण वेगळं असतं. घुमण्याचा दोष बहुतेकदा खोलीचा. टोचण्याचा कधी खोलीचा, कधी ट्वीटरचा (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग), कधी ध्वनिमुद्रणाचाच. गायक मधे बसत नसेल तर आधी तारा पाहा. जोरात लावल्यावर गुदमरणं हा मात्र खरोखर स्पीकरच्या आकाराचा किंवा ॲम्प्लिफायरच्या ताकदीचा प्रश्न असतो. भाच्याच्या कागदावर शेवटी तीन ओळी उरल्या: गायक मधे नाही, तंबोरा पातळ, तबला सोलोत डग्गा दबतो.

दुसरी पायरी: तारा आणि ट्वीटर तपासा

मी भाच्याला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हटलं, गाणारा कुठे बसलाय तिकडे बोट दाखव. त्याचं बोट हवेत या कपाटापासून त्या खिडकीपर्यंत फिरत राहिलं. मग स्पीकरमागे हात घातला. दोन्हीकडे एकसारखीच पांढरी तार, तिच्या एका पदराला काळी रेघ. उजव्या स्पीकरला रेघवाला पदर काळ्या टोकात होता, डाव्याला लाल टोकात. म्हणजे एका स्पीकरचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. अशा वेळी खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधोमध ऐकू यायला हवा तो आवाज खोलीभर पसरतो.

तार उलटी केली, तेच गाणं पुन्हा लावलं. या वेळी बोट सरळ दोन स्पीकरांच्या मधल्या भिंतीकडे गेलं आणि तिथेच थांबलं. घर बदलल्यापासून, म्हणजे चौदा महिने, तो तसाच ऐकत होता.

तारा बाहेरून बरोबर दिसूनही शंका असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर सोडवा. सेलची धन बाजू लाल टोकाला आणि ऋण बाजू काळ्या टोकाला क्षणभर टेकवा. 'टप्' आवाज होऊन वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, पडदा किंचित बाहेर येतो. दोन्ही स्पीकरांचे पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत. एखादा आत गेला तर त्या स्पीकरच्या आतली जोडणी उलटी आहे.

मग वर्तमानपत्राची नळी करून तिचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं ट्वीटरजवळ न्या. आवाज अगदी हळू ठेवा. ट्वीटर मेलेला असेल तर नळीतून जवळजवळ काहीच येत नाही. एका बाजूचा ट्वीटर बंद पडला तरी गाणं चालूच राहतं, फक्त निस्तेज होतं, त्यामुळे हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

तारेबद्दल एवढंच: घराच्या वायरिंगला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक तार दहा-पंधरा फुटांसाठी पुरून उरते. महाराणी रोडवर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते. महागड्या केबलवर पैसे घालू नका.

तिसरी पायरी: मेजरटेप घ्या

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि त्याला खर्च शून्य. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बुकशेल्फ स्पीकर या नावाने गल्लत होते. नाव पुस्तकांच्या फळीचं, पण फळीवर कोंबून ठेवलेला स्पीकर खालचे सूर फुगवतो आणि कप्पाही त्याच्यासोबत वाजू लागतो. फळीवरच ठेवायचे असतील तर स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि बाजूची जागा पुस्तकांनी गच्च भरा. मागच्या बाजूला भोक असेल तर त्यामागे निदान चार बोटं जागा ठेवा.

दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सहा फूट जमतं. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. कारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या (सेकंदाला इतकी कंपनं) आसपास वूफर आणि ट्वीटर एकमेकांकडे सूर सोपवतात. कान फार वर किंवा फार खाली गेला की दोघांचा आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि नेमका तिथे खड्डा पडतो. बाजारात मिळणारे दोन फुटी स्टँड सोफ्यावर बसणाऱ्याच्या हिशेबाने केलेले असतात. आपल्याकडे पुष्कळजण गादीवर, तक्क्याला टेकून ऐकतात. तेव्हा कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतो, कधी त्याहूनही खाली. मग स्टँड बुटका करा, नाहीतर स्पीकर पुढच्या बाजूने थोडा खाली कलवा. मागच्या दोन पायांखाली लाकडाच्या पातळ चकत्या पुरतात.

आता भाच्याचा पातळ तंबोरा. पुरुष गायकाचा सा पेटीच्या काळी एकमध्ये असेल तर तंबोऱ्याची जोडी, म्हणजे मधल्या दोन तारा, साधारण १३९ हर्ट्झवर लागते आणि खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, त्याच्या निम्म्यावर, ६९वर. भाच्याच्या स्पीकरचा वूफर चार इंची. असे वूफर सत्तर-ऐंशीच्या खाली झपाट्याने उतरतात, तेव्हा खर्जाचा मूळ सूर दुबळा पडणार हे गृहीतच होतं. कान मात्र वरच्या स्वरांशांवरून (मूळ सुरासोबत उठणाऱ्या वरच्या सुरांवरून) खर्ज ओळखून घेतो, त्यामुळे तेवढ्याने तंबोरा पातळ वाटायला नको. मग मधल्या तारांची जोडीच पातळ का लागावी?

टेप लावून पाहिली. स्पीकरचा पुढचा भाग मागच्या भिंतीपासून बरोबर दोन फुटांवर होता. खालचे सूर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, चहूकडे पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवरून परततो तेव्हा चार फूट जास्त चाललेला असतो. १४० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे आठ फूट. म्हणजे परतलेली लाट बरोबर अर्धी मागे पडते आणि समोरून येणाऱ्या लाटेला मारते. खड्डा नेमका जोडीच्या तारांवर पडत होता. स्पीकर मागे सरकवून पुढचा भाग भिंतीपासून फूटभरावर आणला. खड्डा २८०च्या आसपास गेला, आणि तिथे स्पीकर मागे कमी आवाज फेकत असल्याने तो तितका खोलही राहिला नाही. शिवाय भिंत जवळ आली की खालच्या सुरांना थोडी साथही मिळते. पुन्हा तोच ख्याल लावला तेव्हा भाचा काही बोलला नाही. पाच मिनिटं ऐकत बसला आणि मग उठून कागदावरची दुसरी ओळ खोडली.

तुमच्या खोलीत आकडे वेगळे येतील. स्पीकर चार-चार बोटं पुढे-मागे सरकवत एकच गाणं ऐका आणि जिथे बरं वाटेल तिथे जमिनीवर खडूची खूण करा.

चौथी पायरी: खोली कुठे घुमते ते पाहा

खोलीत मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. 'टर्र' असा पडसाद आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. इंदुरी घरांत कोटा फरशी किंवा टाईल्स, विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. वरच्या सुरांना शोषणारं काहीच नसतं. अशा खोलीत चांगला ट्वीटरही टोचतो. खाली जाड सतरंजी घाला. मग मदतनिसाला बाजूच्या भिंतीवर आरसा धरून सरकवायला सांगा. तुमच्या जागेवरून आरशात ज्या ठिकाणी ट्वीटर दिसेल, तिथे जाड गोधडी किंवा पुस्तकांचं कपाट. पातळ पडदा फक्त अगदी वरचे सूर खातो, त्यावर विसंबू नका.

खालच्या सुरांचं घुमणं मात्र गोधडीला दाद देत नाही. हे मी पैसे देऊन शिकलो. माझी लोकमान्यनगरची खोली दहा बाय बारा, छत दहा फुटांवर. काही वर्षांपूर्वी मी आठ इंची वूफरची मोठी जोडी आणली. दुकानाच्या लांबरुंद दालनात ती भारदस्त वाजत होती. घरी आणल्यावर बेस गिटार एका विशिष्ट सुरावर आली की शोकेसची काच थरथरायची आणि बाकी गाणं त्याखाली बुडून जायचं. खोली कुठल्या सुरावर घुमते याचा हिशेब साधा आहे: ५६३ला खोलीच्या फुटांतल्या लांबीने भागा. दहा फुटांना ५६ हर्ट्झ, बारा फुटांना ४७. माझ्या खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही दहा, त्यामुळे ५६ दोनदा उठत होता आणि विटांच्या भिंती त्यातलं काही बाहेर जाऊ देत नव्हत्या. जुनी चार-पाच इंची जोडी तिथवर धड पोचतच नव्हती, म्हणून ती खोली मला आधी कधी घुमलेली वाटली नव्हती. पाच महिन्यांनी ती मोठी जोडी मी तोट्यात विकली.

तेव्हा नवी, मोठी जोडी घेण्याआधी हा भागाकार कराच. लांबी-रुंदी-उंचीतले दोन आकडे सारखे आले किंवा एक दुसऱ्याच्या दुप्पट आला तर सावध राहा. घुमणं आधीपासूनच असेल तर बसायची जागा मागच्या भिंतीला टेकलेली नको, तिथे खालचे सूर सर्वांत जास्त साठतात. दोन-तीन फूट पुढे या. एवढ्याने भागलं नाही तर मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरच्या इक्वलायझरने तो एकच सूर पाच-सहा डेसिबलने खाली घ्या. कुठला सूर ते नेमकं पाहायचं असेल तर 'रूम ईक्यू विझार्ड' ही मोफत प्रणाली आणि मोजणीचा एक यूएसबी माइक पुरतो.

पाचवी पायरी: ॲम्प्लिफायर, ध्वनिमुद्रण आणि दुरुस्ती

ॲम्प्लिफायर बहुतेकांचा पुरेसा असतो. ८५ डेसिबल संवेदनशीलतेची (म्हणजे ठरावीक ताकदीत किती मोठं वाजते त्याचं माप) जोडी, अंतर सात-आठ फूट, आवाज बैठकीतल्यासारखा बेताचा. एवढ्याला सरासरी एक वॉटही लागत नाही. तबल्याच्या थापेसाठी क्षणभर दहा-वीस वॉट लागतात. वीस-तीस वॉटचा सचोटीचा ॲम्प्लिफायर असेल तर तो बदलून हाती फार काही लागत नाही. आवाज मात्र फाटेपर्यंत वाढवू नका, त्याने ट्वीटर जळतात.

आपल्या संग्रहात कॅसेटवरून उतरवलेल्या घरगुती बैठका पुष्कळ. त्यातली खरखर, दबलेला तबला, लांब ठेवलेला माइक हे सगळं नवा स्पीकर आणखी स्पष्ट ऐकवतो. तुमचं ऐकणं मुख्यतः तेच असेल तर महागड्या जोडीचा हट्ट धरू नका, हे मी मनापासून सांगतो.

जोडी वीस-पंचवीस वर्षांची असेल तर वूफरच्या कडेची झालर बोटाने हळूच दाबून पाहा. फोमची असेल आणि भुगा होत असेल तर नवी झालर चिकटवता येते. रबराची झालर खूप टिकते. आतल्या क्रॉसओव्हरमधले (वूफर आणि ट्वीटरला सूर वाटून देणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुने होऊन वाळतात, तेही बदलून मिळतात. खर्च नव्या जोडीच्या मानाने किरकोळ. नुसतं वय हे बदलायचं कारण नव्हे. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला 'एलएस थ्री फाइव्ह ए' हा पाच इंची वूफरचा छोटा स्पीकर मानवी आवाजासाठी आजही लोक शोधून घेतात.

सहावी पायरी: तुलना करा, पण आवाज सारखा ठेवून

कागदावरची एखादी ओळ अजूनही उरली असेल तरच इथवर या. भाच्याची उरली होती: तबला सोलोत डग्गा दबतो. चार इंची पडद्याला हलवायची हवा मर्यादित असते. डग्ग्यावरच्या 'घे' या बोलाची मींड जोरात आली की पडदा आपल्या हद्दीला पोचतो. यावर जागा बदलून उपाय नाही. मोठा वूफर हवा, नाहीतर सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर.

दुकानात एक गोष्ट हमखास फसवते. दोन जोड्यांत जिचा आवाज किंचित मोठा ती आपल्याला चांगली वाटते. ८५ डेसिबलची तुमची जोडी आणि ८८ची नवी एकाच बटणावर लावली तर नवी तीन डेसिबल मोठी वाजणार, आणि तेवढं जिंकायला पुरतं. दुसरी फसगत डोळ्यांची. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४मध्ये तीच माणसं, तेच स्पीकर घेऊन एकदा पडद्याआड आणि एकदा उघड ऐकवून पाहिलं. स्पीकर दिसू लागल्यावर लोकांची मतं बदलली. त्यात अनुभवी कानसुद्धा होते.

म्हणून शक्य असेल तर नवी जोडी दोन दिवस घरी आणा. ओळखीचा दुकानदार असेल तर अनामत ठेवून देतो, मित्राकडची मागता येते, किंवा परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणाहून मागवता येते. मग जुना एक स्पीकर ॲम्प्लिफायरच्या डाव्या बाजूला आणि नवा एक उजव्या बाजूला जोडा, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली मोनो ऑडिओ सुरू करा. आता बॅलन्सचं बटण एका टोकाला फिरवलं की जुना, दुसऱ्या टोकाला फिरवलं की नवा. पिंक नॉइज नावाचा धबधब्यासारखा आवाज लावा, बसायच्या जागी दुसऱ्या मोबाइलवर आवाज मोजण्याचं ॲप ठेवा आणि दोन्हींसाठी व्हॉल्यूमची अशी खूण शोधा की आकडा सारखा येईल. ॲपचा आकडा अचूक नसला तरी चालतो, दोन्हींना मोजणारा तोच आहे.

समोर चादर टांगा. बटण दुसऱ्याच्या हाती द्या आणि त्याने काय लावलंय ते सांगू नये, फक्त आपल्या कागदावर टिपावं. दहा वेळा दोन्ही ऐकून दर वेळी आपली पसंती आणि एक-दोन शब्द लिहा. शेवटी कागद जुळवा. दहापैकी पाच-सहा वेळाच तुमची पसंती एका बाजूची निघाली तर नव्याने तुम्हाला काही दिलेलं नाही, ते परत करा. नऊ वेळा निघाली, आणि लिहिलेल्या शब्दांत तुमची पहिल्या कागदावरची तक्रार मिटलेली दिसली, तर पैसे सार्थकी लागणार.

माहितीपत्रकातले आकडे यानंतर पाहा. वूफरचा आकार, संवेदनशीलता आणि ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) एवढं पुरे. ४ ओहमचा स्पीकर ॲम्प्लिफायरला चालतो का ते त्याच्या मागच्या पट्टीवर छापलेलं असतं. '४० हर्ट्झपर्यंत' असं लिहिलं असेल तर पुढे किती डेसिबलची घट धरली आहे ते बघा. ती दिलेली नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. लहान खोकं, खोल खर्ज आणि जास्त संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एका स्पीकरमध्ये बसत नाहीत, एक सोडावी लागते. तिन्हींचा दावा दिसला की पान उलटा.

भाच्याने काय केलं? फोटोतली महागडी जोडी पाच इंचीच होती. चादरीमागे त्याला ती दहापैकी सहा वेळा आवडली. तिच्या निम्म्या किमतीची साडेसहा इंची जोडी त्याने एका मित्राकडून दोन दिवस आणली, आणि तबल्याच्या सोलोत तिने दहाच्या दहा वेळा बाजी मारली. त्याची खोली दहा बाय चौदा, छत साडेनऊ फुटांवर. भागाकार ५६, ४० आणि ५९ असा आला. ५६ आणि ५९ जवळजवळ आहेत म्हणून त्याने गादी मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे ओढली आणि मगच तशीच नवी जोडी मागवली. ख्यालासाठी मात्र चार इंची जोडी त्याला अजूनही आवडते. ती आता त्याच्या आईच्या खोलीत आहे, भिंतीपासून फूटभरावर, सकाळच्या अभंगांसाठी. नव्या जोडीचं खोकं थर्माकोलसकट माळ्यावर ठेवायला मी त्याला सांगितलंय; तीन महिन्यांनी आम्ही जुनी जोडी दोन दिवस परत लावून बघणार आहोत.